राजदूतांविना राज्य आणि फ्रेंच भाषेतले सरकारी पत्र: ‘मोनितर ओतोमाँ’चे प्रकरण

इस्तंबूलमध्ये ५ नोव्हेंबर १८३१ रोजी ‘मोनितर ओतोमाँ’ या फ्रेंच वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. ते काढणारे सरकार ऑटोमन सुलतान दुसरा महमूद याचे होते आणि संपादक अलेक्झांद्र ब्लाक हा फ्रेंच गृहस्थ होता. ज्यांच्यासाठी ते छापले जात होते ते वाचक मुख्यतः राजधानीतले परदेशी राजदूत, बंदरांतले युरोपीय व्यापारी आणि त्यांच्यापलीकडे पॅरिस, लंडन, व्हिएन्ना येथील वृत्तपत्रांचे संपादक होते. त्याच सरकारचे ‘तकवीम-ए-वकायी’ हे तुर्की पत्र चारच दिवस आधी, १ नोव्हेंबरला सुरू झाले होते. म्हणजे ज्या आठवड्यात हे राज्य आपल्या प्रजेशी छापील अक्षरांत प्रथम बोलू लागले, त्याच आठवड्यात ते परक्यांशी परक्यांच्या भाषेतही बोलू लागले.

एखादे राज्य आपल्याच राजधानीत, आपल्या प्रजेपैकी मूठभरांनाच कळणाऱ्या भाषेत, सरकारी पत्र का काढते आणि ते कोणाच्या भरवशावर चालवते, हा या प्रकरणाचा विषय आहे. भाषा पगार देऊन मिळवता येते, पण वाचकाचा विश्वास तशा रीतीने मिळत नाही. तो कोणाकडून तरी उसना घ्यावा लागतो आणि तो देणारा गेला की परतही जातो. माझ्या मते ‘मोनितर ओतोमाँ’चे सारे यश आणि त्याची सारी मर्यादा या एका गोष्टीत आहे.

मुळात हे हत्यार दुसऱ्याचे होते

ऑटोमन भूमीवरचे पहिले वृत्तपत्र तुर्कीत निघाले नाही, ते फ्रेंचमध्ये निघाले आणि तेही परक्या दूतावासातून. फ्रेंच प्रजासत्ताकाचा प्रतिनिधी रेमाँ व्हेर्निनाक १७९५ मध्ये इस्तंबूलला आला आणि त्याच वर्षी दूतावासाच्या छापखान्यातून ‘ब्युलतँ द नुव्हेल’ हे बातमीपत्र निघू लागले. पुढच्या वर्षी त्याच्या जागी ‘गाझेत फ्राँसेझ द काँस्तांतिनोप्ल’ आले आणि १७९७ मध्ये ‘मर्क्युर ओरियांताल’. राजाचा शिरच्छेद करणाऱ्या प्रजासत्ताकाविषयी युरोपातली बहुतेक दरबारे जे काही पसरवत होती, त्याला उत्तर देणे हे त्यांचे काम होते. लेव्हांटच्या, म्हणजे पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या, बंदरांत वसलेल्या फ्रेंच व्यापाऱ्यांना नव्या राजवटीशी बांधून ठेवणे आणि फ्रेंच वाचणाऱ्या इतर परदेशीयांना फ्रान्सची बाजू ऐकवणे, असे त्याचे दोन हेतू होते.

हा प्रयोग फार टिकला नाही आणि त्याचे कारणही बोधक आहे. जुलै १७९८ मध्ये नेपोलियनचे सैन्य सुलतानाच्याच मुलखात, इजिप्तमध्ये उतरले. सप्टेंबरमध्ये सुलतानाने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले आणि मैत्रीची भाषा छापणाऱ्या दूतावासातील माणसांची रवानगी येदीकुले येथील सात बुरुजांच्या किल्ल्यात झाली. तिकडे कैरोत मात्र २९ ऑगस्टलाच ‘कुरिये द लेजिप्त’ हे सैन्याचे फ्रेंच पत्र सुरू झाले होते. इस्तंबूलमध्ये मैत्रीचे आणि कैरोमध्ये जेत्याचे, अशी एकाच देशाची दोन पत्रे एका वर्षाच्या अंतराने निघाली. ऑटोमन दरबाराने यातून काय धडा घेतला ते कागदोपत्री सापडणे कठीण आहे, पण आपल्या अंगणात परका छापखाना काय करू शकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, एवढे खरे.

स्मर्नाचा पत्रकार

दुसरा धागा स्मर्ना बंदरातला, म्हणजे आजच्या इझमीरमधला आहे. अंजीर, मनुका, कापूस, अफू यांच्या व्यापारावर उभे असलेले हे शहर. ‘फ्रँकांचा रस्ता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्लीत फ्रेंच, इंग्रज, डच, इटालियन व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या आणि त्यांचे आपसातले बोलणे बरेचसे फ्रेंचमध्ये किंवा इटालियनमध्ये चालत असे. या शहरात १८२१ मध्ये ‘स्पेक्तातर ओरियांताल’ हे फ्रेंच वृत्तपत्र निघाले. कोणते गलबत धक्क्याला लागले, कोणत्या मालाला काय भाव आला, हे ज्याला रोज कळायला हवे त्याला असे पत्र विकत घेण्यासाठी राजकारणाचे आमिष दाखवावे लागत नाही. राजकारण त्याच कागदावरून, बाजारभावाच्या शेजारून, वाचकाच्या घरात शिरते.

१८२१ हेच ऑटोमन सत्तेविरुद्धच्या ग्रीक उठावाचे वर्ष. युरोपातले बहुतेक सुशिक्षित ग्रीकांच्या बाजूने होते आणि त्यांच्या संतापाला कारणेही होती. कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे इस्तंबूलचा, ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख पाचवा ग्रेगरी याला एप्रिल १८२१ मध्ये, ईस्टरच्या दिवशी, त्याच्याच पीठाच्या दरवाजावर फाशी दिले गेले होते आणि १८२२ मध्ये खिओस बेटावर भयंकर कत्तल झाली होती. अशा काळात स्मर्नाच्या या पत्राने, विशेषतः अलेक्झांद्र ब्लाक त्याच्या संपादनात आल्यावर, उलट बाजू मांडली: उठावकऱ्यांनीही मुसलमान रहिवाशांच्या कत्तली केल्या आहेत, ग्रीक चाचेगिरीने व्यापार बुडतो आहे, आणि ऑटोमन साम्राज्य मोडले तर त्याचा लाभ युरोपला होणार नाही, रशियाला होईल. या मांडणीतून खिओसचा डाग धुऊन निघत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण चाचेगिरी आणि रशियाचा डाव यांविषयी ब्लाक जे लिहीत होता ते निराधारही नव्हते.

ब्लाकच्या स्थितीतली गुंतागुंत येथे समजून घ्यावी लागते. परदेशीयांना दिलेल्या जुन्या सवलतींमुळे ऑटोमन भूमीवर राहणारा फ्रेंच माणूस सुलतानाच्या कायद्याखाली येत नसे. त्याच्यावर अधिकार फ्रेंच वकिलातीचा असे. त्यामुळे स्मर्नाचा पाशा ब्लाकचे काही वाकडे करू शकत नव्हता, आणि गरजही नव्हती, कारण तो पाशाच्याच बाजूने लिहीत होता. त्याला खरा जाच त्याच्याच देशाच्या अधिकाऱ्यांचा होता. २० ऑक्टोबर १८२७ रोजी नव्हारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून ऑटोमन-इजिप्शियन आरमार बुडवले, तेव्हा तर एक फ्रेंच संपादक फ्रान्सच्याच धोरणावर टीका करतो आहे असे चित्र उभे राहिले. रशियाने तक्रारी केल्या, फ्रेंच अधिकाऱ्यांनी त्याला आवरण्याचे प्रयत्न केले. तरीही १८२८ पासून ‘कुरिये द स्मिर्न’ या नव्या नावाने त्याचे लेखन सुरू राहिले.

ब्लाकची पत येथे तयार झाली. तो सुलतानाचा नोकर नव्हता, सुलतानाच्या बाजूने लिहून त्याने स्वतःच्या सरकारचा रोष ओढवून घेतला होता, आणि ही गोष्ट युरोपातल्या संपादकांना ठाऊक होती. त्याच्याशी मतभेद असणारेही त्याचे उतारे छापत.

दूत नाहीत, दुभाषे नाहीत

महमूदला १८३१ मध्ये अशा माणसाची गरज का भासली, हे कळण्यासाठी त्याच्या राज्याची तेव्हाची एक उणीव पाहावी लागते. त्याच्या आधीचा सुधारक सुलतान तिसरा सलीम याने १७९३ मध्ये युसुफ आगा एफेंदी याला लंडनला पाठवून युरोपीय राजधान्यांत कायमस्वरूपी वकील, म्हणजे राजदूत, ठेवण्याची सुरुवात केली होती. पण ही व्यवस्था हळूहळू ढासळली, पुढे तिचा भार मुख्यतः ग्रीक कारभाऱ्यांवर पडला, आणि १८२१ च्या उठावानंतर त्यांच्यावरचा भरवसा संपताच ती बंदच पडली. म्हणजे नव्हारिनोची लढाई झाली, १८२९ मध्ये रशियाशी एदिर्नेचा अपमानकारक तह झाला, १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीर्स घेतले, आणि या सगळ्या काळात पॅरिसमध्ये किंवा लंडनमध्ये सुलतानाची बाजू मांडणारा एकही कायम वकील नव्हता.

भाषेचीही तीच गत होती. दरबाराचे मुख्य दुभाषेपद पिढ्यान्पिढ्या इस्तंबूलच्या फनार भागातील ग्रीक घराण्यांकडे होते. १८२१ मध्ये मुख्य दुभाष्या कॉन्स्टँटाइन मुरुझी याला देहदंड झाला आणि त्यानंतर ही परंपराच मोडली. सरकारने घाईने भाषांतराचे कार्यालय उघडले, याह्या नाजी या विद्वानाकडे तरुण कारकुनांना फ्रेंच शिकवण्याचे काम दिले. पण अशी माणसे तयार होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. आपल्याकडच्या वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगतो: हैदराबादेत पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे नाहीत, त्यांच्या बातमीपत्रांचा अर्थ लावणारे कोणी नाही, आणि तरीही निजामाशी व्यवहार करायचाच आहे, अशा अवस्थेत पुणे दरबार असता तर त्याचे जे झाले असते, ते इस्तंबूलचे झाले होते.

या पोकळीत वृत्तपत्र आले. वकील एका दरबारात जातो आणि एका मंत्र्याशी बोलतो. छापलेला अंक टपालाच्या थैलीतून सगळ्या दरबारांत एकदम पोहोचतो. त्यातच २ ऑगस्ट १८३१ रोजी पेराला, म्हणजे इस्तंबूलमधल्या दूतावासांच्या वस्तीला, प्रचंड आग लागली आणि ब्रिटिश व फ्रेंच दूतावासांसह तिथली बहुतेक मोठी घरे जळाली. राजदूत बॉस्फरसच्या काठावर तराब्या, ब्युयुकदेरे अशा उन्हाळी वस्त्यांत विखुरलेले होते. शरद ऋतूत ‘मोनितर’चे पहिले अंक निघाले ते अशा पांगलेल्या राजनयिक जगात.

वाकनीस आणि संपादक

‘तकवीम-ए-वकायी’ या नावाचा अर्थ ‘घटनांची दिनदर्शिका’ असा होतो आणि त्यातला ‘वकायी’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. त्याचे काम मोहम्मद एसाद एफेंदी याच्याकडे होते आणि तो दरबाराचा ‘वाकेनवीस’ होता. फारसीतून आलेला हाच शब्द शिवकालीन अष्टप्रधानांत ‘वाकनीस’ म्हणून बसला. दरबारात काय घडले ते लिहून ठेवणारा अधिकारी, एवढाच त्या पदाचा मूळ अर्थ. पहिल्या अंकाच्या प्रस्तावनेत दिलेले कारण मार्मिक आहे: वाकेनवीसाचा इतिहास वर्षानुवर्षांनी लोकांपुढे येतो आणि दरम्यान लोक घटनांचा उलटसुलट अर्थ लावून अफवा पसरवतात, म्हणून घडते तेव्हाच सांगणे बरे. बखर लिहिणाऱ्याला बातमीदार करण्याचा हा निर्णय होता. तुर्की पत्राच्या सुमारे ५,००० प्रती काढून त्या अधिकारी, प्रांतांतले मानकरी आणि दूतावास यांना पोहोचवण्याची योजना होती. पुढे अर्मेनियन, ग्रीक, अरबी, फारसी आवृत्त्याही निघाल्या.

फ्रेंच आवृत्तीचे मात्र तसे नव्हते. ‘मोनितर’ हे नावच पॅरिसच्या सरकारी ‘मोनितर’ची आठवण करून देणारे होते, पण ब्लाकने त्याला तुर्की पत्राचे भाषांतर होऊ दिले नाही. नेमणुका, फर्माने, सैन्याची सुधारणा या बातम्या दोन्हीकडे असत. त्यांच्याभोवतीचे लेखन वेगळे असे. तुर्की वाचकाला नव्या गणवेशाचे किंवा नव्या कराचे समर्थन धर्म, परंपरा आणि सुलतानाची कृपा या शब्दांत मिळे. युरोपीय वाचकासाठी ब्लाक तीच सुधारणा कायद्याचे राज्य, व्यापाराची सुरक्षितता आणि युरोपातील सत्तांचा समतोल यांच्या भाषेत मांडी. युरोपीय वृत्तपत्रांत साम्राज्याविषयी काही विपरीत छापले गेले की त्याचे खंडनही याच पानांवर होई.

दोन वाचकांशी दोन तऱ्हेने बोलणे हे लबाडीचे लक्षण आहे, असे चटकन वाटते. मला तो निवाडा अपुरा वाटतो, आणि त्यासाठी आपल्याच इतिहासातले एक पत्र शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ‘मोनितर’नंतर दोन महिन्यांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच्या प्रत्येक पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्या स्तंभात मराठी मजकूर असे. मराठी शिकलेल्या माणसाला इंग्रजीतली विद्या आणि इंग्रज वाचकाला येथील लोकांचे विचार कळावेत, हा हेतू. ‘दर्पण’ खासगी होते, त्याच्यामागे कोणाचे तख्त नव्हते. त्यामुळे ही तुलना सर्व बाबतींत लागू होत नाही. पण एक भेद महत्त्वाचा आहे. दोन स्तंभ शेजारी असले की दोन्ही भाषा जाणणारा कोणीही एक मजकूर दुसऱ्याशी ताडून पाहू शकतो, आणि संपादकालाही ती जाणीव ठेवून लिहावे लागते. ‘तकवीम’ आणि ‘मोनितर’ हे वेगळे कागद होते, वेगळ्या हातांत जात होते, आणि दोन्ही वाचू शकणारी माणसे १८३१ च्या इस्तंबूलमध्ये फार थोडी होती. अशा ठिकाणी मजकुराची पडताळणी होत नाही. वाचक लिहिणाऱ्याकडे पाहून विश्वास ठेवतो किंवा ठेवत नाही. आणि लिहिणारा ब्लाक होता.

कसोटी

ही कसोटी लगेच आली. त्याच नोव्हेंबरात इजिप्तचा वाली (सुलतानाने नेमलेला सुभेदार) मोहम्मद अली याचा मुलगा इब्राहिम पाशा सीरियात घुसला आणि त्याने अक्का शहराला वेढा घातला. २७ मे १८३२ रोजी अक्का पडले, २१ डिसेंबरला कोन्याजवळ सुलतानाच्या सैन्याची धूळधाण झाली, आणि जुलै १८३३ मध्ये सुलतानाला हुन्क्यार इस्केलेसी येथे रशियाशीच संरक्षणाचा तह करावा लागला. ज्या ब्लाकने रशियाच्या विस्ताराविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले, त्याच्या धन्याला रशियाच्याच आश्रयाला जावे लागावे, हा त्याच्यावरचा मोठा अवघड प्रसंग होता.

लष्करी बळापुढे वृत्तपत्र काही करू शकले नाही, हे उघड आहे. पण त्याचे वजन काय होते याची साक्ष शत्रूकडून मिळते. मोहम्मद अलीचे फ्रान्समध्ये पुष्कळ चाहते होते. आधुनिक, उद्योगी, फ्रेंच सल्लागार बाळगणारा राज्यकर्ता अशी त्याची कीर्ती होती. १८२८ पासून कैरोत त्याचे ‘वकायी-ए-मिस्रिया’ हे सरकारी पत्र तुर्की आणि अरबीत चालू होते. तरीही १८३३ मध्ये त्याच्या बाजूने अलेक्झांड्रियातून ‘मोनितर एजिप्सियँ’ हे फ्रेंच पत्र निघाले. नाव पाहताच त्याचा रोख कळतो. ते काही महिन्यांतच बंद पडले, पण एकाच साम्राज्यातले धनी आणि त्याचा बंडखोर वाली हे युरोपच्या मतासाठी युरोपच्या भाषेत एकमेकांशी भांडू लागले, ही घटनाच बोलकी आहे. इस्तंबूलचे पत्र परिणामशून्य असते तर अलेक्झांड्रियाने त्याची नक्कल करण्याचे कारण नव्हते.

यात एक अवघड गोष्ट दडलेली आहे आणि माझ्या दृष्टीने ती या प्रकरणाची सर्वांत मोलाची बाजू आहे. सरकार परभाषेत जे छापते, ते परक्यांच्या हातात पुरावा म्हणून राहते. ख्रिस्ती प्रजेला न्याय मिळेल, मनमानी जप्ती थांबेल, व्यापाऱ्याला संरक्षण मिळेल, असे फ्रेंच पानावर उमटले की दुसऱ्या दिवशी कोणताही राजदूत तो अंक घेऊन दरबारात जाऊ शकतो आणि आपण असे म्हटले होते, असे दाखवू शकतो. प्रतिमा उजळण्यासाठी काढलेला कागद हळूहळू शब्द पाळायला लावणारा कागद होतो. ३ नोव्हेंबर १८३९ रोजी गुल्हाने बागेत सुधारणांची जी राजाज्ञा वाचली गेली, तिचा फ्रेंच मजकूर सरकारने स्वतः तयार करून परदेशी राजदूतांना दिला. तुर्की आणि फ्रेंच मजकुरांतील छटांचा फरक अभ्यासकांनी पुढे बारकाईने दाखवून दिला. तोवर दोन भाषांत बोलण्याची सवय राज्याला लागली होती आणि ती शाई प्रथम ‘मोनितर’च्या छापखान्यात वाळली होती.

ब्लाकनंतर

१८३६ च्या सुमारास फ्रान्सकडे निघालेल्या ब्लाकचा वाटेत माल्टा येथे अचानक मृत्यू झाला. त्याला विष दिले गेल्याची कुजबूज बरीच झाली. असल्या कुजबुजीला पुराव्याचे स्थान देता येत नाही, पण ती पसरली यावरूनच त्याला किती महत्त्वाचा समजत असत हे दिसते. त्याच्यानंतर पत्र हाताळणाऱ्यांत हसूना द’गीस हे नाव येते. आजच्या लिबियातल्या त्रिपोलीचा हा मुत्सद्दी १८२० च्या दशकात लंडनला राहिला होता आणि इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमबरोबर त्याने त्रिपोलीसाठी राज्यघटनेचा आराखडा केला होता. माणूस विद्वान होता, फ्रेंच उत्तम जाणत होता. पण स्मर्नाच्या काळात स्वतःच्या सरकारचा रोष पत्करून मिळवलेली जी पत ब्लाककडे होती, ती वारसाहक्काने मिळणारी गोष्ट नव्हती. पत्र अनियमित झाले आणि त्याचा आवाज एका सरकारी खात्याचा आवाज होऊन बसला.

राज्याची गरजही बदलत होती. १८३४ मध्ये मुस्तफा रशीद पॅरिसला वकील म्हणून गेला आणि युरोपीय राजधान्यांत ऑटोमन दूतावास पुन्हा उभे राहू लागले. भाषांतर कार्यालयातून फ्रेंच जाणणारे तरुण मुसलमान अधिकारी बाहेर पडू लागले. स्वतःचे पत्र चालवण्यापेक्षा खासगी फ्रेंच पत्रांना पैसे देऊन आपली बाजू छापवून घेणे सोयीचे झाले. १८४३ मध्ये सुरू झालेले ‘जुर्नाल द काँस्तांतिनोप्ल’ हे त्या पद्धतीचे ठळक उदाहरण. ही पद्धत स्वस्त होती, पण तिच्यात ब्लाकसारख्या माणसाला जागा नव्हती, कारण पैसे घेतल्याचे वाचकाला आधीच ठाऊक असे.

ब्लाकच्या पश्चात त्याच्या मुलाला, एदुआर ब्लाकला, ऑटोमन सरकारने शिक्षण दिले आणि पुढे नोकरीत घेतले. वडिलांना हे राज्य वृत्तपत्र काढण्यासाठी घेऊन आले, ते वकील पाठवणे शक्य नव्हते म्हणून. मुलाला १८६७ मध्ये त्याच राज्याने वॉशिंग्टनला पाठवले, अमेरिकेतला आपला पहिला वकील म्हणून.